लाँच कुठे आहे, हे सांगणारा जितू

फोन जितूच्याच नंबरवरून आला. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं म्हणून उचलताउचलताच मी म्हणालो, "उतरलास का? थांब तिथेच, गाडी काढतो." पलीकडून आवाज आला तो भलत्याच माणसाचा. "भाऊ, तुम्ही कोन बोली ऱ्हायनात?" मागे नंदुरबार स्टँडचा गलबला ऐकू येत होता, गाड्यांचे पुकारे होत होते. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "मी कंडक्टर शे. हाऊ फोन ज्या भाऊना शे ना, त्या उठी नही ऱ्हायनात. शेवटला फोन तुम्हलेच लायेल व्हता त्यास्नी. तुम्ही या. लवकर या." मला काहीच उमगलं नाही. उठत नाहीत म्हणजे काय? गाढ झोपला असेल, हलवा जरा, असंही मी त्या भल्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "हालाडी देखं, भाऊ. तुम्ही या."

प्रकाशा या त्याच्या गावाजवळचा तापीवरचा पूल ओलांडताना जितूनं मला फोन केला होता. "मास्तर, भरीत करी ठेव. मी गाडीमा शे." एवढंच. मी नंदुरबारच्या कॉलेजात गणित शिकवतो म्हणून शाळासोबती असूनही तो मला मास्तर म्हणायचा. घरात वांगी भाजायला ठेवली होती, धूर झाला होता, बायको खिडक्या उघडत होती. प्रकाशा ते नंदुरबार हे अंतर असं कितीसं? तेवढ्या अंतरात माणूस संपतो? मी पोचलो तेव्हा त्याला गाडीतून उतरवून बाकावर निजवलं होतं. शेजारच्या सीटवर बसून आलेली एक बाई पदर तोंडाला लावून उभी होती आणि येईल त्याला सांगत होती, "मला वाटलं झोपलेत. डोकं खिडकीला टेकलेलं. मला वाटलं झोपलेत." दवाखान्यात डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. चाळिशी नुकतीच ओलांडलेला, पावसाळा सोडला तर रोज तापीत पोहणारा, कसलं व्यसन नसलेला माझा मित्र. त्याला आता कित्येक आठवडे झाले. मी हे लिहितोय, वाक्यात 'होता' असं लिहितोय, आणि प्रत्येक वेळी पेन अडखळतं.

जितू प्रकाशाचा. शहाद्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, संगणकाच्या कंपनीत लागला. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आला आणि मग परत गेलाच नाही. काम घरूनच होत होतं. बायको योगिता, म्हातारी आई आणि माडीवरची नदीकडे उघडणारी खोली यांत तो रमून गेला. गावातल्या लोकांना त्याचं काम काय ते कधी नीट कळलं नाही. माय विचारणाऱ्याला सांगायची, "तो टायपिंग करस."

तो करायचा ते काम म्हणजे वेबसाइट लिहिणं. त्यातही त्याचा जीव एका साइटवर होता, जी करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ती सुरू झाली माझ्या एका विद्यार्थिनीमुळे. लता ही नर्मदाकाठच्या मणिबेलीची मुलगी. बारावीत असताना होळीसाठी घरी गेली आणि प्रात्यक्षिक परीक्षेला पोचलीच नाही. तिकडे गावातून बाहेर पडायचं तर लाँच, म्हणजे मोटरबोट, हीच वाट, आणि धरणाचं पाणी चढतं-उतरतं तशी ती लागायची जागा बदलते. आज या नाल्याच्या तोंडाशी, तर पाणी उतरल्यावर टेकडीपलीकडे. लता जुन्या जागी दिवसभर बसून राहिली आणि लाँच दुसरीकडून निघून गेली. परीक्षा पुढे पुन्हा घेतली गेली, पण मी चिडून हा प्रकार जितूला सांगितला. तो जेवत होता. घास हातातच राहिला. "लाँच कोठे शे, हाई कोनलेच माहीत नही व्हतं का?" मी म्हणालो, चालवणाऱ्या दाज्याला माहीत असणारच. "मंग दाज्याले माहीत शे, ते लताले कळाले काय लागस?" त्याला खरोखर प्रश्न पडला होता. दुसऱ्या आठवड्यात तो मला ओढून अक्कलकुव्याच्या डोंगरात घेऊन गेला. आम्ही दाज्याच्या लाँचमध्ये बसून मणिबेलीपर्यंत गेलो. जितूनं दाज्याला मेसेज कसा पाठवायचा ते शिकवलं. रेंज लागेल तिथून जागेचं नाव आणि निघायची वेळ कळवायची, बस.

मेसेज आला की जितूच्या साइटवरचं पान आपोआप बदलायचं. वेबसाइटचं पान म्हणजे छापून ठेवलेला कागद असतो अशी माझी समजूत. जितू म्हणाला, तसं नाही, ज्या क्षणी कोणी ते उघडतं त्या क्षणी ते तयार होतं. ताजी माहिती घेऊन सर्व्हर, म्हणजे पानं पुरवणारा प्रोग्राम, ते घडवतो आणि धाडतो. मणिबेलीत टेकडीवरच्या एका झाडाखाली रेंज यायची. एव्हाना बारावी होऊन लता गावात आरोग्याचं काम करायला लागली होती. ती सकाळी त्या झाडाखाली जाऊन पान बघायची आणि खाली येऊन पाड्यात सांगायची. वर्षभर सगळं छान चाललं.

मग तो दिवस आला. पाऊस संपून पाणी उतरायला लागलं होतं. दाज्यानं मेसेज पाठवला, पण रेंज तुटून तो अर्धाच पोचला. त्यात वेळ होती, जागेचं नावच नव्हतं. प्रोग्रामनं मोकळी जागा पाहिली, काही बदल नाही असं धरलं आणि पानावर आदल्या दिवशीचीच जागा दाखवली. त्या सकाळी गिमलीबाई नावाच्या बाईला कळा सुरू झाल्या होत्या. तिचं पहिलंच बाळंतपण. लतानं पान पाहिलं आणि माणसांनी गिमलीबाईला झोळीत घालून त्या जागी नेलं. तिथे नुसता चिखल होता. लाँच टेकडीच्या पलीकडे उभी होती. तिकडे नेईपर्यंत बाळ वाटेतच जन्मलं आणि रडलं नाही.

लतानं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी जितूच्या खोलीतच होतो. त्यानं आधी पान बंद करून टाकलं. मग बराच वेळ प्रोग्रामच्या त्याच त्या चार ओळी वर-खाली करत बसला. मी समजावत होतो की रेंज तुटली, यात तुझा काय दोष. तो म्हणाला, "रेंज रोजच तुटस मास्तर. मले माहीत व्हतं."

तो मणिबेलीला गेला. मी सोबत होतो. गिमलीबाई कुडाच्या घरात भिंतीला टेकून बसली होती, नवरा दाराशी. जितूनं सांगितलं, "चूक माझ्या पानाची होती. तुमची नाही, लताची नाही, दाज्याची नाही." लतानं ते त्यांच्या भिलीत सांगितलं. कोंबड्या आत-बाहेर करत होत्या. मग गिमलीबाईनं मान वर न करता हळू काहीतरी विचारलं. लता ते मराठीत सांगायला तयार होईना. जितू म्हणाला, "सांग." लता म्हणाली, "ती म्हणते, तुला माहीत नव्हतं, तर माहीत नाही असं का नाही लिहिलं?"

परत येऊन काही दिवस झाले. योगिता मला फोन करून म्हणाली, "भाऊजी, हे जेवत नाहीत धड. तुम्ही या ना." मी गेलो तर तो नव्यानं लिहायला बसला होता. साधी डागडुजी नव्हती ती. जुनं सगळं फेकून त्यानं साइट पहिल्यापासून मांडायला घेतली होती, आणि तीही प्रोग्राम लिहायच्या हॅस्केल नावाच्या भाषेत. पुण्यात असताना तो ही भाषा हौसेनं शिकला होता. ऑफिसात त्यावरून त्याची टिंगल व्हायची, कारण तिथे ती कुणीच वापरत नसे. माझं कुतूहल जागं झालं कारण या भाषेला म्हणतातच फंक्शनल. "तुन्हंच फंक्शन शे मास्तर, वर्गात शिकाडस ते," तो म्हणाला. आत एक गोष्ट द्यायची, बाहेर एक येते. तीच दिली की तेच येतं, मागच्या दाराने गुपचूप काही बदलत नाही. त्यानं लिहिलेला सर्व्हर तसाच होता. पान मागणारा आला की ती मागणी आत जायची, आणि त्या क्षणी जे ठाऊक असेल त्यावरून तयार झालेलं पान बाहेर यायचं. कालचं शिळं काही कोपऱ्यात दडून बसायला जागाच नाही.

पण तो ज्यासाठी या भाषेकडे वळला ती गोष्ट वेगळी होती. त्यात एक प्रकार असतो, त्याला तो मराठीत 'कदाचित' म्हणायचा. जागेचं नाव कदाचित असेल, कदाचित नसेल. आणि नसेल तेव्हा काय करायचं हे तुम्ही लिहिलं नाही, तर तुम्ही काहीतरी विसरलात असं कम्पायलर बजावतो. कम्पायलर म्हणजे आपलं लिहिणं तपासून त्याचा चालता प्रोग्राम करून देणारा. जितूनं त्याला आणखी कडक करून ठेवलं होतं. असं काही सुटलेलं दिसलं की तो प्रोग्राम तयारच करून देत नसे. "तो मन्ही मायसारखा शे," जितू सांगायचा. "सगळं नीट सांगं नही तर घरमा घेतच नही." महिनाभरात पहिल्यांदा तो हसला तो हे सांगताना. त्याच्या चुकांची यादी कम्पायलर लांबलचक काढायचा आणि जितू ती मायच्या आवाजात मोठ्यानं वाचायचा. खालून माय ओरडायची, "मन्हं नाव कसाले ली ऱ्हायना रे?"

नवं पान सुरू झालं. मेसेज अर्धा आला किंवा आलाच नाही, तर त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून यायचं: 'लाँच आत्ता कुठे आहे ते माहीत नाही. दाज्याला फोन करा.' खाली दाज्याचा नंबर आणि त्याखाली जितूचा स्वतःचा. सुरुवातीला लोक हसले. एका साहेबांनी माझ्यासमोर त्याला ऐकवलं की माहीत नाही सांगायला वेबसाइट कशाला हवी. जितू शांतपणे म्हणाला, "त्याच्यासाठीच हवी." सगळ्यात वैतागला तो दाज्या. पान 'माहीत नाही' म्हणालं की नर्मदेच्या काठाकाठानं माणसं टेकड्यांवर चढून त्याला फोन करायची. "अरे इंजिनेर, मी लाँच चालवू का फोन उचलू?" असं त्यानं जितूला भर काठावर झापलं. जितूनं हात जोडले आणि म्हणाला, "मेसेज पुरा टाक ना दाज्या." त्यानंतर दाज्या इतके पुरे मेसेज टाकायला लागला की त्यात वारा कसा आहे आणि लाँचमध्ये बकऱ्या किती आहेत हेही यायचं. जितूनं वाऱ्यासाठी पानावर जागा केली. बकऱ्यांसाठीही केली.

अशी कित्येक वर्षं गेली. पानावर डॉक्टर येण्याचे दिवस आले, रेशनच्या होडीची खबर आली, बाजाराचे वार आले. इतर काठांवरची गावंही त्यात आली. यातलं काहीच नवलाचं वाटेनासं झालं, आणि जितूला हवंही तेच होतं. भेटलो की तो गप्पा मारायचा त्या वेगळ्याच. सारंगखेड्याच्या यात्रेत पाहिलेल्या एका पांढऱ्या घोड्याबद्दल तो तासभर बोलू शकायचा. मी त्याला गणितातलं काही विचारलं की खुलायचा आणि भरीत वाढलं की गप्प बसायचा. त्या दिवशीही तो भरीत खायलाच निघाला होता. दुसरं काही काम नव्हतं त्याचं नंदुरबारला. हे मला अजून सहन होत नाही... काही तातडीचं नव्हतं. त्या दिवशी नसता आला तरी चाललं असतं.

प्रकाशाला तापीकाठी त्याला अग्नी दिला. पुढच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असायचं आणि मी माडीवरच्या खोलीत जाऊन बसायचो, कारण खाली मायचा आवाज ऐकवत नव्हता. ती रडत नव्हती. येईल त्या बाईला विचारत होती, "तो गाडीमा बठना तवय चांगला व्हता ना? तुम्ही देखं व्हतं ना?" अशाच एका दुपारी मला एकदम पानाची आठवण झाली. इतक्या दिवसांत ते आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. बंद पडलं असेल तर? शिळं काही दाखवत असेल तर? मी मोबाईलवर पान उघडलं. ते चालू होतं. नुकतंच बदललेलं होतं. लाँच कुठे आहे, वारा किती आहे, बकऱ्या तीन. म्हणजे दाज्या रोज मेसेज पाठवत होता, पान रोज नवं होत होतं, टेकडीवर चढून माणसं ते वाचत होती... आणि त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं की हे ज्यानं केलं तो राहिला नाही. जितूचा फोन देव्हाऱ्याशेजारी आवाज बंद करून ठेवला होता. योगितानं तो माझ्या हातात दिला. लताचे न उचललेले फोन एकाखाली एक होते.

मीच लताला फोन केला. "सर, जितूदादा फोन का घेत नाहीत?" ती पहिल्याच वाक्यात म्हणाली. मी सांगितलं. मग ती म्हणाली, "सर, थांबा, मी खाली बसते."

दशक्रियेला ती आली, सोबत दाज्या आणि गिमलीबाई. लाँच, मग जीप, मग दोन एसट्या बदलून आले होते ते. गिमलीबाईच्या कडेवर मुलगी होती. नंतरच्या खेपेला गिमलीबाई वेळेवर दवाखान्यात पोचली आणि ही झाली. मुलीला मी कधी पाहिलं नव्हतं. जितूनं पाहिलं होतं, पण मला कधी बोलला नव्हता. गिमलीबाई थेट मायपाशी गेली आणि मुलीला तिच्या मांडीवर ठेवून बाजूला बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मायनं त्या पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. दाज्या अंगणात उभ्यानं इकडेतिकडे पाहत होता. मला म्हणाला, "इंजिनेर कुठे बसायचा?" मी त्याला माडीवर नेलं. त्यानं खोली पाहिली, खुर्ची पाहिली, खिडकीतून खालची तापी पाहिली. "इथून नर्मदा दिसत नाही," तो म्हणाला. आणि जिना उतरून गेला.

फाल्गुन आला तसं तिकडचं पाणी उतरलं आणि लाँच अशा ठिकाणी लागायला लागली, जिचं नाव जितूनं प्रोग्राममध्ये घातलेलंच नव्हतं. पान दिवसभर 'माहीत नाही' म्हणायला लागलं. योगिता मला म्हणाली, "भाऊजी, आपण बघू या ना." ती कॉमर्स शिकलेली आणि मी गणिताचा मास्तर. दोघं त्याच्या संगणकासमोर बसलो. जागांच्या नावांत मी नवं नाव घातलं आणि वाटलं, झालं. कम्पायलर तयार होईना. या नावासाठी उतरायची खूण लिहिली नाही, म्हणाला. लिहिली. गावापासूनची वाट लिहिली नाही. तीही लताला विचारून लिहिली. योगिता एकेक ओळ बोटानं दाखवत होती आणि मी टाइप करत होतो. संध्याकाळच्या आत पान नव्या जागेसकट उभं राहिलं. लोक म्हणतात, यातून जितूच तुमच्याशी बोलत होता. मला तसं म्हणता येत नाही. जितू बोलत नव्हता. जितू असता तर त्यानं आमच्या चुका मायच्या आवाजात वाचल्या असत्या. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो होतो.

मागच्या रविवारी मी प्रकाशाला गेलो होतो. योगिता स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, मी दाराशी चहा पीत होतो. ओट्याजवळच्या खिडकीत जितूचा फोन ठेवलेला असतो हल्ली, तिथे रेंज चांगली येते. तो वाजला. योगितानं पिठाचे हात पदराला पुसले आणि फोन स्पीकरवर टाकला. कुणी म्हातारा होता, दूरचा, मोडकं मराठी बोलणारा. "जितूभाऊ आहे का? पान वाचता येत नाही मला."

"नाहीत ते," ती म्हणाली. "गेले."

"कुठे गेले?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "वारले, बाबा," ती म्हणाली. "मी त्यांची बायको."

म्हाताऱ्यानं आपल्या भाषेत जवळच्या कुणाला तरी काही सांगितलं. मग तो पुन्हा बोलला, आधीपेक्षा हळू.

"मग तू सांग, बाई. लाँच कुठे आहे?"

योगितानं दुसऱ्या मोबाईलवर पान उघडलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, मी उठून ती उलटली. "थांबा हं, बाबा," ती म्हणाली, आणि डोळे पुसून पानावरची जागा त्याला वाचून दाखवायला लागली.